दर्शनाची पाठ

लक्ष्मी

"पाठीत सुई घालाची नाय," लक्ष्मी म्हणाली. "माझी पोर हाय. मी सांगतंय."

"अहो, डॉक्टर निघाल्यासुद्धा डोंबिवलीहून," निशिगंधा म्हणाली.

"निघाल्यान तं येतील. च्या पाजू. जातील परत."

कल्याण पश्चिमेच्या त्या प्रसूतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर, लेबर रूमच्या बंद दाराबाहेर, स्टीलच्या खुर्च्यांची एक रांग होती. एका खुर्चीवर निशिगंधा, दर्शनाची सासू, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेली. शेजारी जाईबाई, दर्शनाची आजी, दोन्ही पाय वर घेऊन, लुगड्यातले गुडघे पोटाशी धरून. दर्शनाचा नवरा सर्वेश खुर्ची मोकळी असूनही भिंतीला टेकलेला. आणि लक्ष्मी उभी. दर्शनाची आई अशा खुर्च्यांवर बसत नाही. बसली की उठताना दोन माणसं लागतात.

हळदीत डीजेवरून जे भांडण झालं, त्यानंतर कोपरचं घर आणि कल्याणचं घर इतका वेळ एका जागी पहिल्यांदाच थांबलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कोपरनं मागून घेतलं. डॉक्टर आमच्या, हे कल्याणनं. दोघांचंही ऐकून दर्शना दोन महिने कोपरला राहिली आणि आज सकाळी कळा सुरू झाल्यावर कल्याणला आली. कळा कोणाच्या बाजूच्या, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"मम्मी, ऐका ना," सर्वेश सासूला म्हणाला. "हे एपिड्युरल आहे. बारीक नळी ठेवतात पाठीत, तिच्यातून औषध जात राहतं. दुखणं कमी होतं. दर्शूनेच आधीपासून सांगितलेलं, मला हे पाहिजे म्हणून."

"आन माझी ही कंबर? ह्याच पोरीच्या वक्ताला मारली व्हती सुई. पोट फारून काढली ना हिला. तवापासना खाली बसून भाकर नाय थापली मी."

"ते सिझेरियनचं इंजेक्शन होतं. आणि त्याने कंबर कायमची—"

कळ.

दाराआडून आवाज आला. आधी गुरगुरल्यासारखा, मग उंच, मग शब्द नसलेला. सर्वेशचं तोंड उघडंच राहिलं. निशिगंधानं पर्सचा बंद मुठीत आवळला. लक्ष्मीनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढला. आत एकालाच सोडतात, आणि तेही सिस्टरनं बोलावल्यावर.

आवाज खाली आला. गेला.

"—जात नाही, असं डॉक्टर म्हणाल्या," सर्वेशनं वाक्य पुरं केलं. त्या वाक्यात आता काही दम राहिला नव्हता.

"का बोलतान?" जाईबाईनं विचारलं. तिला कमी ऐकू येतं. कळ मात्र बरोबर ऐकू आलेली.

सर्वेश तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी, दुखू नये म्हणून इंजेक्शन देतात. पाठीत."

"दुखत नाय?"

"कमी होतं. खूप कमी."

"आन पोर?"

"पोर होतं नेहमीसारखंच."

जाईबाई त्याच्याकडे बघत राहिली. मिठागरावरच्या झोपडीत पाच पोरं झालेली बाई. त्यातला काळुराम, दर्शनाचा बाप, मधला. "जल्ला!" ती म्हणाली. "मंग यवरी वर्सा का करत व्हतं ते डाक्टर? लवकर नाय सुचला त्यांना?"

सर्वेशला हसू आलं. लक्ष्मीला नाही.

"म्हातारे, तू पन तिकरंच?"

"मी कुटंच नाय. माझी नात आत हाय, मी तिकरं हाय."


निशिगंधा

खरं तर हे सगळं तिनंच सुरू केलं होतं. तिनंच सुनेला त्या भूलतज्ज्ञ बाईंकडे नेलं, तिनंच शेजारी बसून प्रश्न विचारले, घरी येऊन चहा टाकता टाकता म्हणाली, "घे गं तू. आमच्या वेळी नव्हतं म्हणून तुम्हीही भोगायचं, असं थोडंच आहे?" सून तेव्हा तिच्या गळ्यातच पडली होती. शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईला आपल्या त्या वाक्याचा फार आनंद झालेला.

आता लक्ष्मी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि निशिगंधाला दुसरंच दिसत होतं. उद्या दर्शनाला जरा कुठे चमक भरली, तरी कोपरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हीच बाई बोट दाखवणार: यांनी टोचवली. डीजे यांनी बंद पाडला आणि पोरीची कंबर यांनी घालवली.

"सर्वेश," ती म्हणाली, "आपण थोडं थांबून बघू या का?"

"आई!"

"नको म्हणत नाही मी. थांबू या म्हणते. चाललंय ना तिचं नीट."

"नीट? तुला ऐकू येतंय ना आतलं? आणि तूच घेऊन गेलेलीस ना आम्हाला?"

लक्ष्मीनं मान वळवली. विहीण आपल्या बाजूला आली, हे तिला इतकं अनपेक्षित होतं की ती दोन पावलं सरकून निशिगंधाच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. "बग. शिकल्याली बाय पन तेच बोलतंय."

शेजारी आलेल्या लक्ष्मीच्या अंगाला सकाळच्या घाईचा वास होता, तांदळाच्या पिठाचा. निशिगंधाला उगाच कोंडल्यासारखं झालं. कारण तिच्या त्या 'थांबू या'मागे भीती अर्धीच होती. उरलेलं अर्धं तिला आता, या स्टीलच्या खुर्चीवर, अचानक कळत होतं. सर्वेशच्या वेळी तिच्या सासूबाई सगळ्या आळीत सांगत फिरल्या होत्या, "आमची सून एकदाही ओरडली नाही हो." ते एक वाक्य तिनं दागिन्यासारखं जपलं होतं. घरात काहीही बिनसलं, की मनात काढून बघायचं. दर्शनाला दुखलंच नाही, तर त्या दागिन्याचं काय—

कळ.

या वेळी आवाजात शब्द होता. "आये." मग पुन्हा, "आये गं."

—राहिलं? निशिगंधाची मान खाली गेली. ती ओरडली नव्हती, कारण ओरडण्यासारखं कोणी जवळ नव्हतं. एवढीच त्या वाक्याची गोष्ट होती.

दार फटीएवढं उघडलं. सिस्टरनं डोकं बाहेर काढलं. "बाहेर जे काय चाललंय ते बंद करा, असं पेशंट म्हणतेय. ती म्हणते, पाठ माझी आहे आणि मी हो सांगितलंय."

"बरोबर आहे तिचं," निशिगंधा उठून उभी राहिली. "सांगा तिला, आम्ही गप्प बसतोय. निदान मी तरी."

लक्ष्मी पुन्हा एकटी झाली. जिन्यावरून हेल्मेट हातात धरलेली एक तरुण बाई दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. खांद्याला बॅग, केस हेल्मेटनं चपटे झालेले. ती डॉक्टर ऐश्वर्या. "सॉरी, पत्री पुलावर अडकलेले," म्हणत ती सरळ आत गेली. लक्ष्मीनं पाजायचा चहा तसाच राहिला.


दर्शना

"मी ऐश्वर्या. आठवतेय ना? आता काय वाटतंय?"

"मरेन असं वाट—"

कळ.

कळ म्हणजे पोटात दुखणं नव्हे. पाठीतून निघते, कोणी ओला कपडा दोन्ही बाजूंनी धरून पिळावा तशी पुढे येते, आणि तिच्यात दर्शना नावाचं कोणी उरत नाही. बँकेत काम करणारी नाही, सर्वेशची नाही, कोपरची नाही. नुसता पिळा.

"—तंय."

"नाही मरणार. ऐक, तुझे रक्ताचे रिपोर्ट मी बघितलेत, सगळं छान आहे. आता काठावर बसायचं, ही उशी पोटाशी धरायची आणि पाठ मांजरीसारखी बाहेर काढायची. आधी जागा बधिर करीन. कळ आली की मला सांग, मी थांबेन. तू हलायचं नाहीस. जमेल?"

"जमेल. डॉक्टर, लवकर."

ती बसली. उशी धरली. पाठीमागे गाऊनच्या नाड्या सुटल्या. पंख्याचं वारं पाठीला लागलं.

मग काहीच झालं नाही.

"डॉक्टर?"

"दर्शना, पाठीवर हे काय झालंय?"

"घामोळं असेल. चार-पाच दिवस खाज येतेय. कोपरला लाईट सारखी जाते हो."

टॉर्चचा उजेड समोरच्या भिंतीवर हलला. बोटं कमरेच्या वर, मग खाली, हलकेच. हातमोज्यातली बोटं.

"घामोळं नाही हे. फोड आहेत, पाण्याचे, एका ओळीत. आणि काळे डाग. काही लावलं होतंस?"

"तेल. आजी रोज रात्री तेल लावायची, मग मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. पाठ फार भरून यायची ना."

"तेलानं असे फोड येत नाहीत." आवाज अजून शांत होता, पण आता मोजूनमापून येत होता. "हे बघ, ही नागीण असू शकते. तसं असेल, किंवा जागेत जंतू झाले असतील, तर तिथून सुई आत घालणं मला बरोबर वाटत नाही. वरची कातडी नीट नसेल तर ते आत मणक्यापाशी जाऊ शकतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला आधी कळायला हवं हे काय आहे. नाही कळलं, तर आपण श्वासातून घ्यायचा गॅस देऊ, दुसरी इंजेक्शनं आहेत. ती याच्याएवढी काम करत नाहीत, हे खरं सांगते."

दर्शनाला वाटलं होतं की बाहेरची माणसं अडवतील. आईची कंबर अडवेल. त्या सगळ्यांशी भांडायची तिची तयारी होती. आपलीच पाठ, जी तिला स्वतःला दिसतसुद्धा नाही, ती अशी मधे येईल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"घरात कोणाला माहीत असेल का?" डॉक्टरनं विचारलं.

"आयेला बोलव—"

कळ.


लक्ष्मी

तिला आत घेतलं. पायांत प्लास्टिकच्या चपला, डोक्याला टोपी. पोरीची उघडी पाठ समोर होती.

फोड बघितल्याबरोबर तिनं ओळखले.

गेल्या शनिवारी, दिवेलागणीला. जाईबाईनं डब्यातून बिब्बा काढला, सेफ्टी पिनीला टोचून दिव्यावर धरला. काळं तेल सुटलं. ते पिनीच्या टोकावर घेऊन पोरीच्या कमरेला एक एक टिंब लावलं. पाठीतलं दुखणं असंच ओढून काढतात. लक्ष्मीचंही तिनं एकदा असंच काढलं होतं. पोरीला सांगितलं असतं तर तिनं लावू दिला नसता. म्हणून लक्ष्मीनं वरून लगेच गरम मिठाची पुरचुंडी ठेवली. "आये, चटका बसतोय गं." "मीठ गरम हाय, बाय. जराशीक सोस." बिब्बा लगेच उठत नाही, दोन दिवसांनी उठतो. तोवर सगळ्या विसरून गेल्या होत्या.

"काकू," डॉक्टर म्हणाली, "हे काय आहे, तुम्हाला काही माहीत आहे? मला आत्ता ठरवायचंय. हे नागिणीसारखं काही निघालं तर मी सुई घालणार नाही."

घालणार नाही.

लक्ष्मीनं मनात हात जोडले. एवढी भांडली, कोणी ऐकलं नाही. आणि बघ, आई एकवीरेनं वाट कुठे अडवून ठेवली ती. बरोबर जागेवर. आता एक शब्द बोलायचा नाही, बस. तिला पोरीचं वाईट कुठे करायचं होतं? एक दिवस दुखेल. जन्मभर तरी नाही दुखणार.

"मना का म्हाईत," ती म्हणाली.

डॉक्टरनं मान हलवली आणि एक हातमोजा बोटांवरून ओढायला सुरुवात केली. सिस्टरला म्हणाली, "मोठ्या मॅडमना फोन लाव. सांग, एपिड्युरल नाही करत आपण."

दर्शना उशीवर डोकं ठेवून नुसती बसून राहिली, आणि मग

कळ.

आली तेव्हा समोर आई होती. दर्शनानं दोन्ही हातांनी तिच्या कमरेला मिठी मारली, कपाळ तिच्या पोटात खुपसलं आणि आवळलं. लक्ष्मीच्या कमरेतून कळ सणकत गेली, थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. तिच्या तोंडून हुं एवढंच निघालं. दातांवर दात ठेवून ती उभी राहिली. आवळ बाय, आवळ.

पण पोरीनं तो हुं ऐकला होता. कळेच्या ऐन माथ्यावर, जिथे स्वतःचं नावही आठवत नाही, तिथून दर्शनानं आईच्या कमरेचे हात सोडले, चाचपडत बाजूचा लोखंडी दांडा पकडला, आणि त्याला लोंबकळून ओरडली.

कळ गेल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुझी कंबर... लागलं का गं आये?"

लक्ष्मीच्या पोटाशी, जिथे पोरीचं कपाळ होतं, तिथे साडी ओली झाली होती.

"बिब्बा हाय तो," ती म्हणाली.

डॉक्टरनं अर्धा काढलेला हातमोजा तसाच धरला.

"बिब्बा, बिब्बा! गेल्या शनवारी म्हातारीनी लावला. मी वरनं मीठ धरला, हिला कलू नये म्हनून. नागीन नाय, काय नाय. डाक्टर, हातमोजा घाला परत."

"नक्की बिब्बाच?"

"मी डोल्यांनी बघितला. पाठ दुखत व्हती पोरीची. ती दुखू नये म्हनूनच लावला व्हता." आणि हे बोलल्यावर लक्ष्मी थांबली, कारण समोरची बाई ज्यासाठी पुलावरून धडपडत आली होती, ते यापेक्षा वेगळं नव्हतं.

डॉक्टर पुन्हा वाकली. टॉर्च. ताप आलेला का? नाही. फोड फुटले, पू झाला? नाही. आजूबाजूला लाली पसरतेय? तिनं स्वतः दाबून बघितलं. मग बाळंतपणाच्या मोठ्या मॅडम आल्या, त्यांनी बघितलं, दोघी हलक्या आवाजात बोलल्या. डॉक्टरनं बोटानं मणके चाचपले, खालून वर, एक एक खाच.

"काकू, इकडे या. हे बघा. फोड इथे संपले. मी नेहमी जाते ती जागा जवळ आहे, म्हणून तिथे नको. तिच्यावरची खाच घेते. इथे कातडी स्वच्छ आहे. वर जायला फार जागा नसते, पण एवढी आहे. नशीब आजींनी टिंबं आणखी वर नाही नेली."

"तिचा हात थरथरतो. वर पोचत नाय," लक्ष्मी म्हणाली. मग विचारायचं ते विचारलंच. "हिची कंबर माझ्यासारकी व्हईल?"

"टोचलेली जागा काही दिवस दुखेल. जन्माची कंबर या सुईनं जाते, असं अभ्यासात दिसलेलं नाही. थंडी वाजू शकते, बीपी खाली येऊ शकतं, क्वचित डोकं धरतं. त्यासाठी मी इथेच बसणार आहे. तुमची कंबर कशानं दुखते ते तपासल्याशिवाय मी कशी सांगू? तपासली कधी कोणी?"

लक्ष्मीला हा प्रश्न नवीन होता. ती पोरीसमोर जाऊन उभी राहिली. तिचे दोन्ही हात घेऊन आपल्या खांद्यांवर ठेवले. "इतं धर. इतं काय व्हत नाय मना. आन हलू नको."


जाईबाई

"मी आरवी आयलू?" सिस्टर बाहेर येऊन बिब्ब्याचं सांगून गेली, तेव्हा तिनं दोनदा विचारलं. "माझ्या हातानी पोरीची वाट आरवली?"

"नाही हो आजी," सर्वेश तिच्या कानाशी म्हणाला. "जागा मिळाली त्यांना. वरच्या बाजूला. मम्मींनी सांगितलं म्हणून झालं."

जाईबाईनं पाय खुर्चीवरून खाली सोडले. तिला आपली बोटं बघावीशी वाटली. या बोटांनी मिठाची फळी ओढली, नाती-पणत्यांना न्हाऊ घातलं, आणि गेल्या शनिवारी पिनीचं टोक धरलं. आता कापतात. दिवा तरी नीट कुठे दिसतो.

शेजारी विहीण येऊन बसली. ही मास्तरीण. हळदीत कानांत कापूस घालून बसलेली. आता रागवेल. रागवू दे, बरोबर आहे तिचं.

निशिगंधानं म्हातारीचा हात आपल्या मांडीवर घेतला. जरा मोठ्यानं, कानाजवळ वाकून म्हणाली, "आजी, माझ्या वेळी माझ्या पाठीला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. दर्शनाच्या पाठीशी तुम्ही रोज बसत होतात. बिब्ब्याबद्दल मी तुम्हाला नंतर ओरडणार आहे, ते वेगळं. पण रोज बसत होतात."

"ओरर की आताच."

"नाही. आता मला ते दार ऐकू द्या."

तिघं दाराकडे बघत बसली. आवाजाची वाट बघत. तो यायची वेळ झाली, आणि वेळ गेली, आणि दार गप्पच राहिलं.

"काय झायला?" जाईबाई घाबरली. "आवाज का नाय येत?"

सर्वेशनं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं होतं. बोटांच्या फटीतून त्याचा आवाज आला, "ते लागू पडलंय, आजी. लागू पडलं."


दर्शना

आधी पाय ऊबदार झाले, मग जड, मग कोणी तिच्या कमरेभोवतीचा दोर एक एक पेड करत सोडत गेलं, आणि बाजूच्या मशीनवर रेघ चढली (कळ) तेव्हा तिला पोट घट्ट झाल्याचं कळलं, कोणी दुरून हाक मारावी तसं, पण तिचं वाक्य तुटलं नाही, ती आईला सांगत होती तेच सांगत राहिली, की आये, मला भूक लागलीय, आणि लक्ष्मी मशीनकडे बघत म्हणाली, "बाय, आता आली व्हती ना?" आणि दर्शना म्हणाली, "आली होती, गेली," जसं दुधवाल्याबद्दल सांगावं, आणि मग दोघी हसल्या, आणि हसताना दर्शनाला रडू आलं, डॉक्टर ऐश्वर्या उठून आली, कुठे दुखतंय का, एका बाजूला लागतंय का, बर्फाचा खडा पोटाला लावून बघितला, आणि दर्शना म्हणाली, "दुखत नाही म्हणूनच रडतेय," (कळ) आणि त्या कळेत ती झोपली, खरोखरची झोप, तोंड जरा उघडं, लहानपणी चटईवर झोपायची तशी, आणि लक्ष्मी बसून, हो, बसून, सिस्टरनं दिलेल्या स्टुलावर बसून, त्या चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या रेघांकडे बघत राहिली, की एवढा मोठा डोंगर येतोय आणि माझी पोर त्याच्याखाली झोपलीय, आणि दुपार कलली तेव्हा मोठ्या मॅडम म्हणाल्या, चला, आता जोर करायचा, आणि तिला जोर करता आला, खाली दाब कळत होता, दुखणं म्हणावं असं नव्हतं, जड काहीतरी आपलंच ढकलायचं होतं, तिनं ढकललं, थांबली, पाणी मागितलं, सर्वेशला आत बोलावलं, सर्वेश टोपी उलटी घालून आला, त्याला सगळे हसले, तिनं पुन्हा ढकललं, आणि बाळ आलं तेव्हा दर्शना तिथे होती, पूर्ण होती, पहिला आवाज तिनं ऐकला, ओलं काळं जावळ बघितलं, मुलगी आहे हे कोणी सांगायच्या आधी तिनं बघितलं, आणि त्या ओल्या ओझ्याला छातीवर घेऊन ती म्हणाली, "अगं, तू होतीस होय."


लक्ष्मी

काळुराम पेढे घेऊन आला. मोठ्या मॅडमना बॉक्स, सिस्टरला बॉक्स, वॉचमनला पेढा, आयाबाईला पेढा. निशिगंधा जाईबाईला बाळ दाखवत होती आणि बिब्ब्याबद्दल ओरडतही होती, दोन्ही एकदम. जाईबाईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती बाळाच्या टाळूचा वास घेत होती.

"आन ती कुटं हाय?" लक्ष्मीनं विचारलं.

"कोण?"

"सुईवाली."

कोणाच्याच लक्षात नव्हतं. सर्वेश म्हणाला, नळी काढली, दर्शूला बघितलं आणि गेल्या वाटतं, त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

लक्ष्मी जिना उतरली. कठडा धरून, एक पाय, मग दुसरा, कमरेला शिव्या देत. खाली गाड्यांच्या गर्दीत डॉक्टर ऐश्वर्या हेल्मेट घालून स्कूटर मागे ओढत होती.

"ये बाय! थांब तितंच. चावी फिरवलीस तं बघ."

शेजारी वाण्याचं दुकान होतं. लक्ष्मीनं काउंटरवर हात आपटला. "एक नारल. आन मूठभर तांदूल."

"मावशी, मूठभर तांदूळ कोण विकतं?"

"नको विकू. दे."

त्यानं दिले. ती परत आली तेव्हा डॉक्टर स्कूटरवर बसून फोनवर बोलत होती. "हो... निघाले. पिशवीचं तोंड कितपत उघडलंय? घरचे तयार आहेत का? ... बरं, मी आल्यावर बोलते त्यांच्याशी." फोन खिशात गेला.

"ओरनी पुरं कर," लक्ष्मी म्हणाली.

"काय?"

"वटी भरतंय तुझी."

"अहो काकू, माझं लग्न नाही झालेलं."

"मी इचारला का?"

डॉक्टरनं ओढणी पुढे धरली. लक्ष्मीनं त्यात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. कुंकू नव्हतं, म्हणून स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि ते हेल्मेटच्या काचेखालून तिच्या कपाळाला टेकवलं. तिला बरंच काही बोलायचं होतं. पोर झोपली व्हती गं. माझी पोर त्यातच झोपली व्हती. त्याऐवजी तिनं डॉक्टरचे दोन्ही हात धरले, उलटे केले, तळवे बघितले. साधे हात होते. हातमोज्यांची पावडर लागलेले.

"आता कुटं?"

"डोंबिवलीला. एक मुलगी आहे, पहिलंच बाळ. ती मागतेय, पण घरचे अजून ठरवतायत."

"कोन ठरवतंय? तिची आयस?"

"बहुतेक."

लक्ष्मीनं रस्त्याकडे बघितलं. शेअर रिक्षा एकीला एक चिकटून येत होत्या, स्कूटरला शिरायला फट नव्हती. ती पदर खोचून सरळ रस्त्याच्या मधोमध गेली आणि दोन्ही हात आडवे केले. पहिल्या रिक्षाचा ब्रेक तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर लागला.

"ओ मावशी, मरायचंय का?"

"थांब! सगली थांबा!" लक्ष्मी ओरडली. मागे हॉर्नचा गोंगाट उठला, ती हलली नाही. मान वळवून डॉक्टरला म्हणाली, "जा बाय. लवकर जा. ती तितं वरडतंय."